भगवतीच्या देवळाची उघडी पडवी

चपला तिथेच काढा नि या, पडवीत बसा. गल्लीकडे भिंत नाही म्हणून बिचकू नका. ती पडलेली नाही, घातलेलीच नाही. आम्ही इथले गुरव, आम्हाला ठाऊक. गेल्या साली कॉलेजच्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, दुःख शांतपणे सोसणाऱ्याला इंग्रजीत ‘स्टोइक’ म्हणतात. तो शब्द ग्रीकांच्या अशाच एका पडवीवरून आला, त्यांचे गुरू तिथे शिकवायचे. मी म्हटलं, अगो बाई, मग ते आमचे सोयरेच की! आमच्याकडेही पडवीकर होते.

असं सांगतात, नारोबा नावाचा एक व्यापारी होता. त्याचं भरलेलं गलबत खाडीच्या तोंडाशी बुडालं. होत्याचं नव्हतं झालं. तो इथे येऊन बसला, तो कायमचाच. “गेलं ते आपल्या हातात नव्हतं, आजचं वागणं आहे,” एवढंच सांगायचा. ऐकायला माणसं जमू लागली. त्यांनाच लोक पडवीकर म्हणू लागले.

येसू गाबतीण मासळी विकून परतताना गल्लीत उभी राहून ऐकायची. नवरा आणि मुलगा, दोघांनाही समुद्रानं नेलेलं. तिच्या जातीला तेव्हा देवळात यायची बंदी. जळले मेले ते दिवस! नारोबाचं बोलणं कानावर पडलं की ती घरी जाऊन चूल पेटवायची, नाही तर उपाशीच निजायची म्हणे.

पुढे नारोबाला खोकला जडला. पावसाळी वारा थेट अंगावर. वैद्यानं बजावलं, भिंत घाला, नाही तर हा माणूस पावसाळा काढत नाही. शिष्यांनी चिरे आणून टाकले. नारोबानं त्यांना अडवलं.

“भिंत घातलीत तर येसू कुठून ऐकेल?”

“बुवा, तुम्हीच राहिला नाहीत तर ती काय ऐकेल?” शिष्य रडकुंडीला आले.

“तोवर तरी ऐकू दे की, बाबांनो.”

हट्टी तो हट्टीच. श्रावण सरायच्या आत गेला. शिष्य ऊर बडवून रडले. रडणारच, माणसंच ती. येसूनं पाटी खाली ठेवली, पडवीत चढली आणि त्यांच्यात जाऊन बसली. ‘ऊठ’ म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

आजही गावात कुणाचं माणूस गेलं की घरच्यांना इथे आणून बसवतात. पूर्वी अख्खा गाव सोबतीला बसायचा. आता लोक घड्याळ बघतात, पण बसतात. आमचे हे गेले तेव्हा मीही बसले होते. जोराची सर आली, पदर चिंब झाला. शेजारीण म्हणाली, आत सरक गो. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिथेच बसून राहिले.