रावणमिशीचा कौल

पायाला टोचलं, एवढंच तुम्ही पाहिलंत. त्या टोचणाऱ्या गवतानं काय धरून ठेवलं होतं, ते पाहायची तसदी घेतली नाहीत.

फार पूर्वी समुद्राकाठी एक गाव होतं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची लांब टेकडी होती आणि तिच्यावर रावणमिशी माजली होती. रावणमिशी म्हणजे सुईसारख्या ताठ पात्यांचं गवत. त्याला कोणी कधी पाणी घातलं नाही. गुरंही तोंड लावत नसत. खाऱ्या वाऱ्यात, तापलेल्या वाळूत ते आपलं पसरत राही.

टेकडीच्या आडोशाला एका जोडप्याचं घर होतं. त्यांच्या विहिरीला गोड पाणी होतं आणि सगळी वाडी तिथेच पाणी भरी. ती विहीर खणणारा सासरा मरताना सुनेला सांगून गेला होता, "बाय, गवत वाळू धरतं आणि वाळू पाणी धरते. टेकडीला हात लावू देऊ नकोस."

दरवर्षी गावदेवीची पालखी समुद्रस्नानाला जाई. खांदेकरी अनवाणी असत. एका वर्षी एकाच्या तळव्यात रावणमिशी घुसली, तो कळवळला, पालखी कलली आणि देवीचा मुखवटा वाळूत पडला. गाव हादरलं.

दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावायचं ठरलं. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. प्रश्न कोणीही विचारावा, फक्त तो पुरुष असावा.

सकाळी बायको नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही विचारा, गवत काढलं तर विहिरीचं काय होईल?"

"आणि लोक म्हणतील, देवीपेक्षा याला विहीर मोठी!"

"म्हणू देत की. पाणी तर तेच पितात."

"तुला काय जातंय बोलायला? तिथं उभं मला राहायचंय."

"मग मी राहते उभी."

"नको. हसतील सगळे," तो म्हणाला आणि निघाला.

देवळात गुरवानं विचारलं, "आई, तुझ्या वाटेतले काटे काढू का?"

उजवी पाकळी पडली.

"अजून कोणाला काही विचारायचंय?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "काय रे, घर तुझं सगळ्यात जवळ. कुदळ पहिली तुझी हं!"

सगळे हसले. तोही हसला. "आणतो की," म्हणाला.

संध्याकाळपर्यंत टेकडी उघडी झाली. उन्हाळाभर वाळू उडत राहिली, घराघरांत, भातात, अंथरुणात. पावसाळ्यातल्या उधाणात उरलेली टेकडी वाहून गेली आणि लाटा थेट अंगणात आल्या.

पाणी ओसरल्यावर बायकोनं पेज वाढली.

"मीठ जास्त झालंय," नवरा म्हणाला.

"मी मीठ घातलेलंच नाही."

तो उठला. विहिरीतल्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. मग देवळात जाऊन त्यानं आपला राहून गेलेला प्रश्न विचारला. गुरवानं हातातली पाकळी परत तबकात ठेवली. म्हणाला, "आता हे कशाला विचारतोस, बाबा?"

वाडीतल्या बायका दूरच्या गावाहून पाणी आणू लागल्या. जिच्या अंगणात सगळे येत, ती सून आता परक्या विहिरीवर खाली मान घालून रांगेत उभी राहू लागली.

तात्पर्य: ज्या प्रश्नाला लोक हसतील अशी भीती वाटते, तो आधी विचारावा.

हे तात्पर्य गावात सगळ्यांना पाठ झालं. एके दिवशी त्या परक्या विहिरीवर एका बाईनं सुनेचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि कौतुकानं म्हणाली, "आमचे लोक तुमचा किनारा बघून आले हो, वहिनी. कसा स्वच्छ, गुळगुळीत झालाय म्हणाले! उद्या आमच्या टेकडीवरच्या गवतासाठीही कौल लावणार आहेत."