कॉव्हेंट्रीला पाठवलेले शब्द

निवृत्त प्राचार्य त्र्यंबकराव देशकर मुलासाठी मुली बघायला जात, ते इंग्रजीची परीक्षा घ्यायलाच. अकोल्याला रेवतीच्या घरीही पोहे पुढ्यात येताच त्यांनी तोफ डागली.

"टु बरी द हॅचेट म्हणजे?"

"भांडण मिटवणं," रेवती म्हणाली.

"टु सेंड टु कॉव्हेंट्री?"

"हे मला माहीत नाही."

"वाळीत टाकणं! एवढंही येत नाही? 'माहीत नाही' हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही!"

रेवतीच्या आईचा चेहरा उतरला. रेवतीनं मात्र पाहुण्यांच्या बशीकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "काका, टु वॉर्म द कोल्ड पोटॅटो म्हणजे हो काय?"

"सोपं आहे! जुनं प्रकरण उकरून काढणं," त्र्यंबकराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "लंडनला उठता-बसता म्हणतात."

"बोलता बोलता तुमच्या पोह्यांतला बटाटा गार झाला ना, त्यावरून मी आत्ताच रचलं ते."

नवऱ्या मुलाला हसू आवरेना.

"पण काका, कॉव्हेंट्रीचा अर्थ आता पक्का समजला," रेवती म्हणाली. "तुमच्या घरानं 'माहीत नाही' या शब्दांना तिकडेच पाठवलंय!"