आकड्याचा खण

फार पूर्वी एका तळ्याला दोन दारं होती, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोन्हीखाली वस्ती होती. दारं उचलायला गावाने दोन कारागिरांकडून यंत्रं करवून घेतली. खणात पाटी टाकायची. तिच्यावर लिहिलं असेल तितके हात दार वर जायचं. गावात आकडे गोल पाटीवर लिहायची रीत होती, शब्द चौकोनी पाटीवर.

दक्षिणेच्या कारागिराने आठ दिवसांत काम संपवलं. त्याचा खण मोठा आणि उघडा. "काहीही टाका," तो म्हणाला. "काय आलंय ते यंत्र चालताना बघेल."

उत्तरेच्या कारागिराने खणाचं तोंड गोल कोरलं. चौकोनी पाटी आत जाणारच नाही. त्याला तीन महिने लागले. तोवर ते दार बंद राहिलं आणि खालची वांगी वाळली.

"खण करतोयस की देव्हारा?" लोक विचारायचे. तो कोरत राही.

श्रावणात तळं चढलं. तळ्याच्या राखणदाराचं घर दक्षिणेला, म्हणून तो आधी तिकडे धावला. चौकोनी पाटीवर 'भरपूर' लिहून त्याने खणात टाकली. चाकं फिरू लागली. तो निर्धास्त उत्तरेला गेला.

तिथे पाटी आत जाईना.

"घे की मेल्या!" तो यंत्रावर ओरडला.

"पाणी किती हात चढलंय?" कारागिराने विचारलं.

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती?"

"बुडशील तेव्हा मोज!"

"तू आत्ता मोज."

राखणदार शिव्या देत खांबापाशी गेला, पाणी मोजलं आणि गोल पाटीवर पाच लिहून आणलं. दार पाच हात उचललं गेलं.

दक्षिणेला आता चाकांवर दार उचलायची वेळ आली होती. किती उचलायचं, हे 'भरपूर'वरून त्यांना कळेना. यंत्र मध्येच अडकलं. पाणी बांधावरून वस्तीत उतरलं. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. राखणदाराचं घर गेलं.

"पाटी तूच टाकलीस," दक्षिणेचा कारागीर त्याला म्हणाला.

"मी टाकली. तू घेतलीस कशाला?"

कारागिराने मान खाली घातली. मग उत्तरेच्या कारागिराकडे वळून म्हणाला, "तुझ्यापायी वांगी वाळली, तेही खरंच."

"खरं आहे," तो म्हणाला. "वांगी पुन्हा लावली."

तात्पर्य: चूक झाली तर सावरता येईल, तिथे घाई चालते. घर जाणार असेल, तिथे आत काय येतंय ते दारातच तपासावं. संगणकाला आज्ञा लिहिणाऱ्यांनाही हेच लागू.