साबूदाण्याचं चूं हरवलं

एक होता उंदीर. पांढरा पांढरा. नाव साबूदाणा. हसू नका! खिचडीतला नव्हे, पिंजऱ्यातला.

त्याला पाळलं होतं गोदूने. गोदू म्हणायची, "चूं म्हण, दाणा घे."
साबूदाणा म्हणायचा, "चूं!"
की शेंगदाणा कुडुम कुडुम.

एकदा गोदूने पिंजऱ्यात भुसा घातला. सुताराकडचा, लाकडाचा. धूळच धूळ!
"चूं म्हण, दाणा घे."
"आक् छीं!"
"आक् छीं नाही रे, चूं!"
"आक् छीं! आक् छीं!"
चूं गेलं. दाणा गेला. पोट रिकामं.

आत्या धावत आली. "अगं बाई, दृष्ट लागली याला!"
मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळल्या. शेगडीत टाकल्या. धूर भसाभस!
साबूदाणा आक् छीं! गोदू आक् छीं! आत्या आक् छीं! भिंतीवरची पालसुद्धा आक् छीं!

साबूदाणा रडवेला झाला. चूं गेलं होतं, पण बडबड होती ना!
"गोदूताई, गोदूताई, भुसा काढ ना!
भुसा गेला की शिंक जाईल.
शिंक गेली की चूं येईल.
चूं आलं की दाणा मिळेल. आक् छीं!"

गोदू म्हणाली, "काढते. पण मग झोपशील कशावर? शिंपीदादाकडून मऊ चिंधी आण जा." आणि तिने पिंजऱ्याचं दार उघडलं.

तुरु तुरु तुरु, आक् छीं!
"शिंपीदादा, शिंपीदादा, चिंधी द्या ना!
चिंधी आली की भुसा जाईल.
भुसा गेला की शिंक जाईल.
शिंक गेली की चूं येईल.
चूं आलं की दाणा मिळेल. आक् छीं!"

शिंपीदादा म्हणाला, "चिंधी आहे रे. पण तिच्यावर बोका बसलाय. तू उठव. मी नाही बाबा!"

तुरु... तुरु... (हळूच हं!) आक् छीं!
"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
बोका उठला की चिंधी येईल.
चिंधी आली की भुसा जाईल.
भुसा गेला की शिंक जाईल.
शिंक गेली की चूं येईल.
चूं आलं की दाणा मिळेल. आक् छीं!"

बोक्याने एक डोळा उघडला. "खाऊ का तुला?"
"खा की! माझी शिंक तुझ्या पोटात."
"ईईई! नको! म्हशीकडून दूध आण. मग उठतो."

तुरु तुरु तुरु, आक् छीं!
"म्हैसबाई, म्हैसबाई, दूध द्या ना!
दूध आलं की बोका उठेल.
बोका उठला की चिंधी येईल.
चिंधी आली की भुसा जाईल.
भुसा गेला की शिंक जाईल.
शिंक गेली की चूं येईल.
चूं आलं की दाणा मिळेल. आक् छीं!"

म्हैस म्हणाली, "हम्मा! नाकावर माशी बसलीय. गुदगुल्या होतात. तिला आधी उडव."

साबूदाणा चढला म्हशीच्या नाकावर.
"माशीबाई, माशीबाई, उडा ना!
माशी उडाली की दूध येईल.
दूध आलं की बोका उठेल.
बोका उठला की चिंधी येईल.
चिंधी आली की भुसा जाईल.
भुसा गेला की शिंक जाईल.
शिंक गेली की चूं येईल.
चूं आलं की दाणा मिळेल."

माशी म्हणाली, "हूं! मी नाही कुणाला भीत. वारा आला तरच उडेन."
वारा कुठला? पान हलेना.
साबूदाण्याचं नाक हललं.
आक्... आक्... आआआक्... 
छीं!!!

माशी उडाली भुर्रर्र! बसली शिंपीदादाच्या टकलावर.
दूध आलं चुळ्ळ चुळ्ळ.
बोका उठला टुणकन.
चिंधी आली मऊ मऊ.
भुसा गेला.
शिंक गेली.
गोदू म्हणाली, "चूं म्हण, दाणा घे."
सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पालीनेसुद्धा.
"चूं!"
कुडुम कुडुम कुडुम!

आत्या म्हणाली, "बघा! माझ्या मिरच्यांनीच बरा झाला. थांबा, अजून टाकते."
मिरच्यांचा डबा कुठाय? गोदूच्या फ्रॉकखाली!
आत्या शोधतेय, शोधतेय, अजून शोधतेय. सांगायचं नाही हं!

गोष्ट संपली, नाक पुसा,
दाणा खा नि गादीत घुसा!