सगळ्यांत शेवटी पाणी पिणारी राणी

डोंगराआडच्या एका इवल्याशा राज्यात निळाशार, चमचमणारा झरा होता आणि झऱ्याच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला जेमतेम एक हौद भरायचा, तोही राजाचा. त्यात त्याचे मोर आंघोळ करायचे. इकडे खालच्या आळीत कुंदाची धाकटी बहीण छकुली तापाने फणफणली होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता.

एका सकाळी कुंदा राजाच्या बागेत छकुलीसाठी पानांवरचं दव द्रोणात गोळा करत होती. मोगऱ्याखाली तिला एक नाजूक परी दिसली, पंख पार सुकलेले. कुंदाने अर्धा द्रोण तिला पाजला. पंख गुलाबी झाले, सोनेरी झाले.

"तीन वर माग, बाळ," परी म्हणाली. "पण पाणी मागायचं नाही. राज्य कोणी चालवायचं, एवढंच मागायचं."

"असं का गं?"

"पाणी आहेच की. अडवणारे तेवढे मला बदलता येतात."

कुंदाने शहाण्यांचं राज्य मागितलं. राजा गादीवरून उतरला, पांढऱ्या दाढ्यांचे शहाणे आले. झरा कोणाचा, यावर ते चर्चेला बसले. बोलून घसा सुकला की आत जाऊन पाणी पिऊन येत. कुलूप मात्र चर्चा संपेपर्यंत तसंच.

"मग सगळ्यांचंच राज्य येऊ दे," कुंदा म्हणाली. आता हात वर करून ठरायचं होतं. वरच्या आळीत माणसं जास्त, म्हणून हातही जास्त. झरा वरच्या आळीला मिळाला, अगदी रीतसर. मला त्या हातांचा अजून राग येतो.

छकुली आता डोळेही उघडेना. कुंदाला लग्नाची पंगत आठवली. तिथे यजमान सगळ्यांना वाढून मग शेवटी जेवतो.

"परी, जो गादीवर बसेल त्याने सगळ्यांना पाजून मग स्वतः प्यायचं. एवढं कर."

परीने छडी फिरवली. गादीवर झऱ्याची किल्ली चकाकू लागली, पण तिथे बसायला कोणी येईना. राजा, शहाणे, वरची आळी, सगळे खाली बघत उभे राहिले.

मग कुंदाच बसली. तिने आजाऱ्यांना आधी पाजलं, छकुलीला वाटी भरून दिली, मग सगळ्या गावाला. तिची पाळी आली तेव्हा हौद कोरडा होता.

"उद्याही तूच बस हं, पोरी," लोक म्हणाले आणि ढेकर देत घरी गेले.

परीने तिच्या डोक्यावर हिऱ्यांचा लखलखता मुकुट ठेवला आणि ती सोनेरी उजेडात विरून गेली. कुंदाची जीभ टाळूला चिकटली होती. मुकुट काही पिता येत नाही.

घरी छकुलीने डोळे उघडले आणि उशाची वाटी पुढे केली. तळाशी दोन घोट होते.

"ताई, तुला ठेवलंय."

अख्ख्या राज्यात तेवढं छकुलीच्याच लक्षात राहिलं होतं.