कोंडाईचं झाकल्या निखाऱ्याचं व्रत

सगुणाने गावदेवीला नवस बोलला, तेव्हा शेवरवाडीत आगपेटी अजून यायची होती. म्हणजे बघा, किती वर्षं झाली असतील. त्या काळी आजची चूल पेटायची ती कालच्या विस्तवावर. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की बाया निखारे एका कडेला ओढायच्या, त्यांवर राख पसरायच्या आणि सकाळी राख सारली की आत लाल डोळा जागा असायचा. ज्या घरचा विस्तव विझला त्या घरची बाई खापरी घेऊन शेजारी जायची. मागायला लाज नव्हती. विझू दिला म्हणून सासू चार शब्द ऐकवायची, तेवढंच.

तर सगुणाचा नवस. तिची दोन लेकरं तापाने गेली होती. एक दीड वर्षाचं, एक तीन. तिसरी तानी. तानीने पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी सगुणा ओल्या केसांनी देवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हिला सात वर्षांची होऊ दे. तोवर मी सोमवार, गुरुवार, शनिवार अन्नाला शिवणार नाही. आणि हिच्या अंगाला वाराही लागू देणार नाही."

नवसाचं पहिलं अर्धं भक्तीने बोललेलं होतं. दुसरं अर्धं भीतीने. पण नवस म्हटला की सगळाच पाळावा लागतो.

सगुणाने तो असा पाळला की गाव बघत राहिलं. तानीला सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी काडेचिराइताचा, संध्याकाळी सुंठ-मिऱ्याचा. कुणी शिंकलं की काढ्यात मिरी वाढायची, कुठे ताप आल्याचं कानावर आलं की लसूण वाढायचा. पोरीने मातीत हात घालायचा नाही, दुसऱ्याच्या घरचा घास घ्यायचा नाही, उन्हात जायचं नाही, पावसात तर नाहीच. बाहेर पोरं सूरपाट्या खेळायची आणि तानी दाराच्या फटीतून बघायची.

सासू म्हणायची, "अगं सगुणा, पोरगी आहे का लोणच्याची बरणी? सदा झाकून ठेवतेस ती!"

"आत्याबाई, बरणी टिकते तरी," सगुणा म्हणायची. त्यावर सासू तानीच्या डोक्यावरून हात फिरवायची, कारण ती दोन लेकरं तिचीही नातवंडं होती.

पाच वर्षं सरली. तानीला मोठा ताप कधी आला नाही. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. अंगावर गांधी उठायच्या, तोंड आतून सोलवटायचं, आणि मग एका सकाळी तिचे गुडघे सुजून कवठाएवढे झाले. ना पडली, ना काही चावलं. आणि सगुणा? आठवड्याचे तीन दिवस उपाशी राहून तिचा रंग राखेसारखा झाला होता. गावात एकाला सर्दी झाली तर दुसरी सगुणाला व्हायची, आणि तिचा खोकला महिना महिना हटायचा नाही. एकाच घरात दोन दुखणी, आणि दोन्ही एका नवसातून निघालेली. पण हे तेव्हा तिला कोण सांगणार?

त्यातच नदीखालच्या गावांत तापाची साथ आल्याची बातमी आली. सगुणाने काढ्याचं भांडं मोठं केलं. तेव्हा सासूने ते भांडं धरलं आणि म्हणाली, "पुरे झालं तुझं. कोंडाईकडे जा."

कोंडाई वेशीजवळ उंबराखाली राहायची. तिच्या झोपडीत एक मातीची आगटी होती. त्या आगटीतला विस्तव तीस वर्षांत एकदाही विझला नव्हता, असं म्हणतात. कुणी म्हणायचं चाळीस. ती औषधं फार द्यायची नाही. आजाऱ्याचा हात हातात धरायची, बराच वेळ धरायची, आणि मग भलतंच काहीतरी सांगायची.

सगुणाचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "उद्या तुझ्या चुलीतला एक निखारा आण. माझ्यापाशी पोचला पाहिजे जिता."

"पोरीचे गुडघे सुजलेत, कोंडाई, आणि मी निखारे वाहत बसू?"

"पाच वर्षं माझ्याकडे यायला फुरसत झाली नाही तुला. आता तीन दिवस दम धर."

सगुणाचं घर गावाच्या वरच्या टोकाला, कोंडाईचं खालच्या. मधली वाट उघड्या माळाची, आणि माळावर वारा. पहिल्या दिवशी सगुणाने खापरीत चांगला फुललेला निखारा घेतला. विझेल म्हणून वाटेत दर दहा पावलांना फुंकर घातली. निखारा भडकला, लखलखला, ठिणगी उडून तिच्या मनगटाला चटका बसला, आणि उंबराशी पोचेपर्यंत खापरीत चिमूटभर पांढरी राख उरली.

कोंडाई म्हणाली, "खाल्लं त्याने स्वतःला. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सगुणाने धडा घेतला. निखाऱ्यावर राखेचा ढीग घातला, वर ओल्या शेणाचा गोळा दाबला. उंबराखाली उकरून बघितलं तर आत काळा कोळसा. गार.

"गुदमरला," कोंडाई म्हणाली. "उद्या ये."

तिसऱ्या दिवशी सगुणाने निखाऱ्यावर राखेची पातळ चादर घातली, बाळाच्या अंगावर घालावी तशी. वाट सुरू झाली आणि तिचा जीव वरखाली होऊ लागला. आहे का गेला? उघडून बघू का? एक फुंकर, एकच? माळाच्या मध्यावर ती थांबली, ओठांचा चंबूही झाला. पण तिने मनगटावरचा चटका बघितला आणि तशीच पुढे चालली. न बघता चालणं तिला उपासाहून जड गेलं. उंबराखाली कोंडाईने बोटाने राख सारली. आत निखारा होता. लाल, शांत, जिता.

सगुणाला रडू फुटलं. का, ते तिलाही कळलं नाही.

मग कोंडाई बोलली. "पोरी, असाच एक विस्तव देवाने तानीच्या अंगात ठेवलाय. आजार आत शिरला की तो उठतो, आजाराला जाळतो, आणि पुन्हा राखेखाली निजतो. तू त्याला पाच वर्षं निजू दिलं नाहीस. हा काढा, तो काढा, फुंकतेच आहेस. बाहेरची काडीसुद्धा आत येऊ देत नाहीस आणि आत जाळ करतेस. मग तो काय जाळील? घराचेच वासे. ते पोरीचे गुडघे आहेत. आणि तुझा विस्तव तू उपासाच्या ओल्या शेणाखाली गुदमरवलास. म्हणून वाटेवरचा प्रत्येक खोकला तुझ्याकडे मुक्कामाला येतो."

"पण माझा नवस आहे गं, कोंडाई. मोडला आणि पोरीला काही झालं तर?"

"मोडायचा कशाला? देवीला विचारून बदलून घेऊ. ती आई आहे, सावकार नव्हे."

दोघी देवळात गेल्या. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवीकडचं पडलं तर देवीचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. सगुणाने हात जोडले. तिने विचारायच्या आधीच उजवं फूल पडलं, असं म्हणतात.

नवा नवस कोंडाईने सांगितला तो असा. दोन वेळा, वेळेवर, भूक असेल तेवढं जेवायचं. भाकरी, पालेभाजी, ताक. लेकीला कोवळ्या उन्हात सोडायचं, मातीत खेळू द्यायचं, चार घरचा घास खाऊ द्यायचा. घरात आल्यावर हात धुवायचे, पण साल निघेपर्यंत घासायचे नाहीत. दिवेलागण झाली, जेवणं झाली, की निजायचं. "आणि रोज संध्याकाळी विस्तव झाकशील ना," कोंडाई म्हणाली, "तेव्हा मनातली एक भीती नाव घेऊन त्याच्यासोबत झाकायची. विझव म्हणत नाही हो मी. भीती साफ विझलेली आईही काही कामाची नाही. नुसती झाकायची."

"एवढंच?"

"एवढंच. बघ जमतंय का."

सगुणाला वाटलं होतं, हा तर सोपा नवस. पण तानी पहिल्यांदा अंगणात उतरली आणि शेजारच्या पोरीच्या हातची उष्टी बोरं खाऊ लागली, तेव्हा सगुणाने उंबरठा दोन्ही हातांनी गच्च धरला. सासू म्हणाली, "सोड गं, उंबरठा कुठे पळून नाही चालला." रोज तिन्हीसांजेला ती राख पसरायची आणि हळूच म्हणायची, "हिला ताप येईल ही भीती." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. महिना झाला तरी तीच. पण हळूहळू तानीच्या गुडघ्यांची सूज ओसरली, अंगावरच्या गांधी गेल्या, आणि सगुणाचा खोकला कधी थांबला हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग भाद्रपदात साथ शेवरवाडीत आली.

पाऊस असा लागला की छपरं गळून गावातल्या चुली एकामागून एक विझल्या. गावात तीन घरं आजारी पडली, मग सात. आठवं घर सगुणाचं. तानी तापाने फणफणली. कोंडाई भिजत आली, तानीचा हात धरून बसली आणि म्हणाली, "विस्तव उठलाय. त्याला काम करू दे. पेज दे घोट घोट, कपाळावर ओली पट्टी ठेव, अंगावर घोंगड्यांची थप्पी रचू नको. तीन दिवस बघायचं. चौथ्या दिवशी उतरला नाही, किंवा पोरगी हाकेला ओ देईना, तर डोलीत घालून खालच्या गावच्या वैद्याकडे न्यायची. तेव्हा कोंडाई काय म्हणेल हे विचारत बसायचं नाही." आणि आपल्या आगटीतला एक निखारा राखेत झाकून सगुणाच्या चुलीत ठेवून ती पुढच्या घरी गेली.

त्या दिवसांत कोंडाईने त्या एका आगटीतून साऱ्या गावाच्या चुली पेटवल्या. चाळीस घरं, चाळीस निखारे. आणि आगटी होती तेवढीच भरलेली राहिली, असं म्हणतात.

तिसरा दिवस उजाडला तरी ताप तसाच. दुपारी सासू पाणी आणायला गेली, नवरा रावजी डोलीसाठी बांबू बघायला गेला, आणि सगुणा लेकीपाशी एकटी उरली. तानीचे ओठ सुकले होते. ती हाकेला ओ देत होती, पण आवाज लांबून आल्यासारखा. सगुणाला आधीची दोन लेकरं आठवली. एक गेलं तेव्हाही अशीच दुपार होती. ती उठली. फळीवरून जुनं काढ्याचं भांडं काढलं. मिरी घातली, सुंठ घातली, चिराईत मूठभर घातलं. फुंकणी उचलली, चुलीपुढे बसली, फुंकणी ओठाला लावली.

चुलीत राखेची पातळ चादर होती. आणि ती चादर हलत होती. किंचित वर, किंचित खाली. वारा नव्हता. सगुणाने मागे वळून तानीकडे पाहिलं. तानीची छाती त्याच लयीत वर जात होती, खाली येत होती. राख वर, छाती वर. राख खाली, छाती खाली. चुलीतला निखारा आणि पोरीचा श्वास एकच झाला होता, असं म्हणतात.

सगुणाने फुंकणी खाली ठेवली. "आई गावदेवी," ती म्हणाली, "हिला ताप आलाय, ही माझी भीती. ती मी झाकते." तिने चिमूटभर राख विस्तवावर सोडली, लेकीपाशी जाऊन बसली, पट्टी बदलली, चमच्याने पेज दिली. मग दुसरी पट्टी. मग तिसरी. दुसरं काही केलं नाही. जगात त्याहून अवघड काही नव्हतं.

रावजी बांबू घेऊन दारात आला तेव्हा तानीच्या कपाळावर घामाचे थेंब फुटले होते. मानेवर फुटले. मग सारं अंग ओलं झालं आणि ताप पावसाच्या पाण्यासारखा वाहून गेला. तानीने डोळे उघडले. चुलीजवळचं भांडं बघून तिने तोंड वाकडं केलं.

"आये," ती म्हणाली, "काढा नको. भाकरी दे."

तानी सात वर्षांची झाली. मग सतराची झाली. मग म्हातारी होऊन, पतवंडं मांडीवर खेळवून गेली. म्हातारपणी तिचे गुडघे दुखायचे, पण ते सगळ्यांचेच दुखतात.

कोंडाई कधी गेली हे कुणी पाहिलं नाही. एका सकाळी झोपडी रिकामी होती आणि उंबराखाली तिची आगटी राखेने काठोकाठ भरलेली होती. लोकांनी राखेत हात घातला तर ती कोमट. अजूनही कोमट आहे, असं म्हणतात.

मग आगपेट्या आल्या, मग गॅस आला. पण भाद्रपदातल्या दुसऱ्या मंगळवारी शेवरवाडीत अजून कोंडाईचं व्रत असतं. त्या दिवशी गावात कुणी उपास करत नाही, अगदी नेहमीच्या उपासकरणीसुद्धा. सकाळी पोरं मुद्दाम चिखलात सोडतात. दुपारी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई उंबराखाली येऊन लेकरांना लस टोचतात. म्हाताऱ्या सांगतात, "ही काही फुंकर नव्हे हो. उद्याची काडी आजच दाखवून ठेवायची, म्हणजे आतला विस्तव वेळेला ओळखतो." मग सारं गाव एका पंगतीला बसून भाकरी, पालेभाजी आणि ताक जेवतं. आणि तिन्हीसांजेला प्रत्येक घरची बाई त्या दिवसापुरत्या पेटवलेल्या चुलीतला एक निखारा झाकून, न फुंकता, न उघडता, माळावरून उंबरापर्यंत नेते. बहुतेकींचे पोचतात. ज्यांचे विझतात त्यांना शेजारीण आपल्यातला देते.

तुमच्या घरी चूल नसेल, हरकत नाही. दिवा तर आहे. आज दिवेलागणीला हात जोडाल तेव्हा लेकराची, नाहीतर स्वतःची, जी भीती मनात असेल तिचं नाव घ्या आणि मनातल्या मनात तिच्यावर चिमूटभर राख घाला. विझवू नका, फुंकूही नका. मग चार घास वेळेवर खा, आणि वेळेवर निजा. सगुणाने केलं तसं एवढं एक व्रत तुम्हीही करा.