भरल्या भांड्यातले विरजण

एकदा एक वृद्ध गवईबुवा आपल्या शिष्यासह एका लहानशा गावी राहत होते. आजारपणात त्यांचा आवाज कायमचा गेला होता. आता ते कुजबुजण्याइतकेच बोलू शकत. त्याआधी त्यांनी गायलेल्या दुर्मिळ बंदिशी शिष्याने ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. त्यांतल्या कित्येक आता अन्य कुणाच्याही कंठात नव्हत्या. त्यांची दुसरी प्रत काढ, असे बुवांनी सुचवले की शिष्य "उद्या करतो" म्हणे. लॅपटॉप नवा होता, आणि शिष्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

बुवांचा एक नेम शिष्याला कोड्यात टाकी. रोज दिवेलागणीच्या आत ते चमचाभर दही त्याच्या हाती शेजारच्या गोदाक्कांकडे पाठवत. गोदाक्कांच्या दारी दुभती म्हैस. त्यांना दह्याची काय वाण? म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतेच, असे मनाशी म्हणत तो वाटी पोचवून येई.

एके दुपारी मांजराने बुवांचे दह्याचे भांडे चाटूनपुसून साफ केले. शिष्य फार हळहळला, कारण ते विरजण बुवांच्या आईपासून घरात चालत आले होते. बुवांनी मात्र त्याला शांतपणे शेजारी धाडले. त्यांच्या चमचाभर दह्याने गोदाक्का रोज एका वेगळ्या मातीच्या बुडकुल्यात दूध विरजत असत. वाटी भरून परत आली.

शिष्याची नजर लॅपटॉपकडे गेली आणि मान खाली झुकली. बुवा कुजबुजले, "तू आळशी नाहीस रे. दुसरी प्रत काढायची म्हणजे पहिली जाऊ शकते, हे कबूल करायचं. मनाला ते अभद्र वाटतं, म्हणून आपण उद्यावर ढकलतो. पण विरजण भरल्या भांड्यातूनच बाजूला काढायचं असतं. रिकाम्या भांड्यातून काय काढशील?"

शिष्याने लॅपटॉप उघडला. पडदा नेहमीपेक्षा क्षणभर अधिक काळा राहिला. मग पडदा उजळला. बुवांचा जुना, भरदार आवाज खोलीत घुमला, तेव्हा त्याला रडू आवरेना.

दिवे लागण्याआधी तो एका लहानशा डबीत पेनड्राइव्ह घालून गोदाक्कांच्या दारात उभा राहिला.

"हे काय रे आणलंस?" त्यांनी विचारले.

"विरजणच आहे, अक्का. बुवांच्या गाण्याचं."

गोदाक्कांनी ती डबी पदराने पुसली आणि बुडकुल्याशेजारी फळीवर ठेवली.

तुमच्या-आमच्या लॅपटॉपमधलेही दही आज छान लागलेले आहे. म्हणूनच चमचाभर बाजूला काढण्याची वेळ हीच.